वैनगंगेकाठी एका बोटीची पाठ बदलताना

वंदनानं डबा उघडायच्या आधीच विचारलं, "ताई, तुमाले बोट दुरुस्त करता येते का?"

मी पोळीचा घास हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले. बुटीबोरीला आमच्या कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनतात. साच्यावर काचतंतूंची चटई पसरायची, त्यावर रेझिन लावायचं, रोलर फिरवून हवा काढायची, वाळलं की टाकी बाहेर. मी त्या विभागाची सुपरवायझर आणि वंदना माझ्या टीममधली सगळ्यात चपळ पोरगी. टाकी म्हणाल तर डोळे मिटून करीन. पण बोट मी पाहिली होती फुटाळा तलावावर, तीही काठावरून, कणीस खाता खाता.

"फायबरचीच हाये," ती म्हणाली. "मागून चर्र चर्र आवाज येते. बाबा म्हणते काही नाही होत. आई म्हणते कोणाले तरी दाखव."

वंदनाचं माहेर वैनगंगेच्या बॅकवॉटरला, आंभोऱ्यापासून थोडं आत. तिचे वडील, सोमाकाका, या काठावरून त्या काठावर माणसं नेणारे. मग आंभोऱ्याचा मोठा पूल झाला, लोक गाडीनं जायला लागले आणि काकांची फेरी थांबली. दोन पावसाळे बोट चिंचेखाली पडून होती. आता तिच्या आईनं, यशोदाकाकूंनी, वेगळंच मनावर घेतलं होतं. गावातल्या बाया समोरच्या काठावर मिरची तोडायला जातात. ऑटोनं पुलावरून वळसा घालायचा म्हणजे सकाळ तिथेच संपते. सरळ पाण्यातून गेलं तर चहा थंड व्हायच्या आत माणूस पलीकडे. काकूंनी बायांना सांगून टाकलं होतं, सोमवारच्या पहिल्या तोडणीपासून तुम्हाला मी नेते.

"चालवणार कोण? बाबा?"

"आई," वंदना म्हणाली आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली. लाच म्हणून असावी.

मला वाटलं बारीक तडा असेल, दोन थर चटई मारली की झालं. संक्रांत नुकतीच झालेली, हवा छान, नदीकाठचे झिंगे खायला मिळतील. मी गुरुवार-शुक्रवारची सुट्टी टाकली. बोट दुरुस्ती नव्हे, सहल असाच माझा हिशोब होता.

निघायच्या सकाळी वंदनाला घेऊन आधी लकडगंजचा लाकूडबाजार. दुकानदाराला म्हटलं, लागलंच तर असावं म्हणून पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायची एक शीट द्या. त्यानं विचारलं, "किचन का?" म्हटलं, "बोट." त्यानं शांतपणे चष्मा काढून पुसला आणि शीट मधोमध कापून माझ्या जुन्या गाडीच्या टपावर बांधून दिली. रेझिन, ते वाळवणारा हार्डनर, चटईचा गुंडाळा, ग्राइंडर आणि हातमोजे मागच्या सीटवर. दिघोरी नाक्यावर तर्री-पोहे खाल्ले. तर्री डोळ्यांतून पाणी काढणारी होती, म्हणजे चांगली होती.

रस्ता सोपा आहे. उमरेड रोडनं पाचगावपर्यंत जायचं, तिथून कुही, मांढळ, वेलतूर. कुहीनंतर रस्ता अरुंद होतो, मांढळच्या पुढे ऊस आणि तुरीच्या ट्रॅक्टरमागे गाडी रांगत न्यावी लागते, पण घाई कोणाला? पेट्रोल मांढळलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. वेलतूरच्या आसपास शेताशेतांत लाल मिरची वाळत घातलेली दिसायला लागली आणि काच खाली करताच दोघींना शिंका सुरू झाल्या. वंदना शिंकता शिंकता म्हणाली, "आलं आमचं गाव."

घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात बाजेवर सोमाकाका बसलेले, कानटोपी घातलेली, समोर मोबाईलवर कुस्ती सुरू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टपावरच्या प्लायकडे पाहिलं.

"आले का इंजिनिअर लोक?"

"इंजिनिअर नाही काका, टाकीवाली."

"मंग टाकीच बांधा. बोटीले काही नाही झालं."

काकू आतून हात पुसत आल्या. ठेंगण्या, काटक, नऊवारीचा ओचा खोचलेला. त्यांनी मला पाणी दिलं, तिळाची वडी दिली आणि सरळ चिंचेकडे चालू लागल्या. म्हणजे मागोमाग या, असा अर्थ.

बोट लांबट, पांढरी, एकेकाळी निळी पट्टी असलेली. बाहेरून मला ठीकच वाटली. पण टाक्यांच्या कामात एक सवय लागते, वस्तू ठोकून पाहायची. हातोडीच्या दांड्यानं मी बाजूनं टकटक करत मागे गेले. टक, टक, टक. मागच्या उभ्या भिंतीशी आले, जिथे इंजिन टांगतात. घरात तिला सगळे 'पाठ' म्हणायचे. तिथे आवाज झाला, धप्प. ओल्या उशीवर मारल्यासारखा. बोटीच्या तळाशी आतून दोन लांब तुळया जातात, फायबरखाली झाकलेल्या. त्याही मागच्या टोकाला धप्प.

वंदना माझ्याकडे पाहायला लागली. मी ड्रिल लावलं, आतल्या बाजूनं बारीक भोक पाडलं. चांगल्या लाकडाचा भुसा कोरडा, पिवळा येतो. इथे आला तो उकळून फेकलेल्या चहापत्तीसारखा काळा चिखल. मग त्या भोकातून पाणी ठिबकायला लागलं.

गोष्ट अशी की फायबरची बोट ही नुसती फायबरची नसते. तिला ताठ ठेवायला पोटात लाकूड असतं, वरून काचेचं कातडं. इंजिनाचे बोल्ट लाकडातून आरपार जातात. त्या भोकांच्या कडा बंद केलेल्या नसल्या की पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. बोट बाहेरून चकचकीत आणि आतून कुजत जाते. त्यात ही दोन पावसाळे पाणी साचवून पडलेली.

"सोमवारी चालन का?" काकूंनी विचारलं.

मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "नाही काकू. भर पाण्यात इंजिननं पाठ फाडली तर मागून पाणी आत येईल. पाठ नवी करावी लागेल, तुळयांचा मागचा भागही. सोमवारपर्यंत नाही होणार."

काकू बोटीच्या कडेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चाल, फुलाबाईले सांगून येऊ."

फुलाबाई म्हणजे मिरची तोडणाऱ्या बायांची म्होरकी. उंच, आवाज खणखणीत. ती अंगणात तूर पाखडत होती. काकूंचं ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"म्या ऑटोवाल्याले नाही म्हणून देल्लं वं यशोदा! तुह्या भरवशावर! सोमवारी नाही गेलो तं मालक दुसऱ्या गावच्या बाया लावन. मंग?"

"चुकलं माहं. पयले पाह्याले पायजे होतं."

"सोमाभाऊ तं म्हणते बोट चांगली हाये."

"ते म्हणते," काकू म्हणाल्या. "पण तुमाले बुडवाले नाही घेऊन जाऊन राहिली मी."

फुलाबाईनं पुन्हा सूप उचललं. गावात त्यांची ही पहिलीच मोठी घोषणा होती आणि ती चार दिवसांत मोडली होती.

संध्याकाळी जेवायला झिंग्यांचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा. मी चार दिवस उपाशी असल्यासारखी जेवले. पण वातावरण तंग होतं. काकांनी त्यांचा उपाय सांगितला, बाहेरून लोखंडी पत्रा मारा, बोल्ट कसा, सोमवारी मीच नेतो बायांना.

"पत्रा कशात कसणार काका? आत धरायला लाकूडच नाही."

"मॅडम, मी या पाण्यात तुमच्या वयापासून बोट हाकलली."

"दोन वर्षं तिच्याकडे ढुंकून पाह्यलं नाही," काकू ताटावरून न उठता म्हणाल्या. "आता बोट माही हाये. मी म्हणन तवाच चालन."

काका हात धुवायला उठले ते बाहेरच बसले.

आता जे झालं ते मी नीट क्रमानं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सकाळी मला इंजिनच्या आवाजानं जाग आली. नदीवर धुकं होतं, थंडी बोचरी. अंगणात बाज रिकामी. काकू आधीच घाटाकडे धावत निघालेल्या, मागे वंदना, तिच्यामागे मी, एका पायात माझी आणि एका पायात कोणाची तरी चप्पल.

काकांनी मी पाडलेलं भोक मेणानं बुजवलं होतं. इंजिन चढवलं होतं. शेजाऱ्याला हाताशी घेऊन बोट पाण्यात ढकलली होती आणि एकटे निघाले होते, चालते हे दाखवायला. बोट काठापासून बरीच आत गेली होती. वळताना त्यांनी इंजिनाचा जोर वाढवला. कडाड असा आवाज आला. ओलं लाकूड मोडताना असा आवाज करत नाही. तो फायबरच्या कातड्याचा होता. पाठीचा वरचा भाग इंजिनसकट मागे कलंडला. इंजिन गटांगळी खाऊन साखळीला लटकलं आणि त्याच्या वजनानं बोटीचं बूड खाली गेलं.

काका ओरडले नाहीत. ते पुढच्या टोकाकडे सरकले, पण पाणी त्यांच्या आधी पोचलं. बघता बघता बोट काठोकाठ भरली, काका छातीपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी बोटीची कड धरून. पोहायला त्यांना कोण शिकवणार? पण साठी उलटलेला माणूस, जानेवारीचं पाणी, अंगात स्वेटर.

वंदना "बाबा!" म्हणून ओरडली आणि पाण्यात शिरायला लागली. मी तिला धरून ठेवलं. मला पोहता येत नाही, मला तेवढंच करता येत होतं.

काकू मात्र बाजूला बांधलेल्या शेजाऱ्याच्या लाकडी डोंग्यात चढल्या होत्या. ओचा घट्ट केला, वल्हं उचललं आणि निघाल्या. मी टाक्यांच्या कारखान्यात बरीच ताकदीची माणसं पाहिली आहेत. पण असं वल्हं मारणं पाहिलं नव्हतं. घाई नव्हती त्यात, एकही फटका वाया जात नव्हता. धुक्यातून डोंगा सरळ काकांपाशी गेला. तिथे काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. काकूंनी त्यांना डोंग्याच्या कडेला धरायला लावलं, आत घेतलं नाही; दोघंही उलटले असते. तसंच ओढत त्यांना काठाला आणलं. मग परत जाऊन बोटीचा दोर डोंग्याला बांधला आणि ती भरलेली बोट इंचाइंचानं ओढत आणली. शेवटच्या टप्प्यात आम्ही सगळे कमरेएवढ्या पाण्यात.

काकांना शेकोटीजवळ बसवलं, कोरडे कपडे, दोन घोंगड्या, आलं घातलेला चहा. त्यांचे दात वाजत होते. मला वाटलं काकू आता फुटतील, आता फुटतील. नाही. काकांचा रंग परत आल्यावर त्या त्यांना हात धरून बोटीपाशी घेऊन गेल्या.

"हात घाला."

फाटलेल्या पाठीच्या दोन कातड्यांमध्ये काकांनी हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. काळा, ओला भुगा.

"हे तं भुसा झाला वं."

"बसून राह्यलं का असंच होते," काकू म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

ते लाकडाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. काकांची नसावी. थोड्या वेळानं ते घोंगडी टाकून उठले आणि पाण्यात बुडालेलं इंजिन उघडायला बसले. प्लग काढले, दोर ओढओढून आतलं पाणी उडवलं, तेल बदललं. दुपारी ते इंजिन ड्रममधल्या पाण्यात फटफटायला लागलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं काम सांगा मॅडम."

मी कारखान्यात फोन लावला, आणखी काही दिवस येत नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं तर सांगितलं, पाठीचं दुखणं. खोटं नव्हतं.

ज्यांच्याकडे जुनी फायबर बोट असेल त्यांच्यासाठी काम कसं झालं ते लिहिते. बाकीच्यांनी हा भाग चहा पीत वाचावा. बाहेरचं कातडं शक्य तितकं तसंच ठेवायचं, आतून कापायचं. मी ग्राइंडरनं आतल्या फायबरची खिडकी कापली आणि तिघांनी मिळून कुजलेलं लाकूड उकरलं. खुरपं, पटाशी, जुना चमचा, जे हाताला येईल ते. वास असा की जवळ आलेली कोंबडीही परत जायची. सगळं निघाल्यावर दोन दिवस उन्हात सुकवलं. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथेच माणूस घाई करतो. ओल्यावर रेझिन धरत नाही. वरून सुंदर दिसेल आणि वर्षात पुन्हा तेच.

पुठ्ठ्यावर पाठीचा आकार उतरवला, तो प्लायवर घेतला. प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवले, कडा आणि प्रत्येक भोक रेझिन पाजून बंद केलं. मग रेझिनचा घट्ट लेप लावून नवी पाठ जुन्या कातड्याला भिडवायची. ती वाळेपर्यंत दाबून धरायला शिकंजे लागतात. आमच्याकडे होता एक. काकांनी बांबूचे तुकडे, गाडीचा जॅक आणि चिंचेचं खोड यांच्यात ती पाठ अशी अडकवली की मी फोटो काढून ठेवला. वर चटईचे थर, कोपऱ्यांना गोलाई, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. तुळयांचं मागचं कुजलेलं टोक कापून नवं लाकूड तिरप्या सांध्यानं जोडलं.

माझी फजिती सांगायलाच हवी. सकाळी थंडीमुळे रेझिन वाळेना, म्हणून मी हार्डनर वाढवला. दुपारी ऊन तापलं आणि मी त्याच प्रमाणात दुसरी बादली कालवली. वंदना ओरडली, "ताई, धूर!" बादलीतून खरंच धूर निघत होता, प्लास्टिक वितळून वाकडं व्हायला लागलं होतं. मी ती उचलून वाळूत फेकली आणि आम्ही तिघं लांब उभे राहिलो. सतरा वर्षांचा अनुभव वाळूत फसफसत होता. काका हसायला लागले. मी आल्यापासून पहिल्यांदा. "टाकीवाली बाई," ते म्हणाले, "चुलीवर ठेवलं होतं का?"

आणि खाज! पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मनगटाला चिकटपट्टी लावा, आधी थंड पाण्यानं धुवा. गरम पाणी घेतलं तर काचेचे कण आणखी आत बसतात. काकूंनी रात्री खोबरेल तेल दिलं आणि म्हणाल्या, "मिरचीची आग सोसणाऱ्या बायांले हे काय."

सुकवण्याच्या रिकाम्या वेळात वंदनानं मला आंभोऱ्याला नेलं. नद्या एकत्र येतात तिथे डोंगरीवरचं महादेवाचं देऊळ, खाली अफाट पाणी, त्यावर तारांनी तोललेला पूल. पुलाच्या वर एक काचेची गॅलरी आहे, तिथे गर्दी असते, सकाळीच जा. काठावर भजी आणि तळलेली मासोळी मिळते. पूल देखणा आहे, यात वाद नाही. मी तसं म्हटलं तर वंदना म्हणाली, "हो ना. उद्घाटनाले बाबाबी आले होते, नवा शर्ट घालून. घरी गेले अन् तो शर्ट काढून बाजेवर पडले, ते पडलेच." खाली एक बोटवाला पर्यटकांना हाका मारत होता. आम्ही भजी संपवली आणि निघालो.

सोमवार आला. बोट अजून चिंचेखाली, पाठीला जॅक लावलेला. उजाडताच ऑटो गावात शिरला. फुलाबाईनं कसाबसा दुसरा मिळवला होता, तोही ठासून भरलेला. काकूंनी डोक्याला रुमाल बांधला, डबा घेतला आणि त्यात चढल्या.

फुलाबाई म्हणाली, "तू काहून?"

"नाव नाही आणता आली. हात तरी आणते."

मिरची तोडणं काकूंनी कधीच सोडलं होतं, गुडघ्यांमुळे. दिवसभर वाकून तोडून त्या अंधार पडता पडता आल्या, बोटं लाल, डोळे सुजलेले. त्या दिवशी आम्ही तुळयांवर शेवटचा थर मारला होता. काकांनी पाणी तापवून ठेवलं होतं. त्यांच्यापुढे बादली ठेवून ते म्हणाले, "उद्या वाळते. परवा टाकू पाण्यात." काकूंनी पाय बादलीत सोडले. "बाया काय म्हणते?" काकांनी विचारलं. "काही नाही म्हणत," काकू म्हणाल्या. "लय वाईट हाये ते."

पाण्यात टाकायच्या दिवशी आधी काठावरच परीक्षा. इंजिन लावलं, त्यावर मी आणि वंदना लोंबकळलो. पाठ हलली नाही. दांड्यानं ठोकलं, टक. पोत्यांत वाळू भरून बोटीत ठेवली, पाण्यात सोडली, तासभर बांधून ठेवली. तळ कोरडा.

"मी हाकलतो पयले," काका म्हणाले. सवयीनं निघालं असावं.

काकूंनी इंजिनाची मूठ धरलेलीच होती. "मॅडम, बसा."

काकांच्या फेरीच्या दिवसांतली लाइफ जॅकेटं होती, त्यातलं एक मी घातलं, वर आणखी एक घालता येईल का ते पाहिलं आणि बसले. काकांनी काठावरून सूचना सुरू केल्या. डावीकडे म्हणजे मूठ उजवीकडे, जोर हळूहळू, दोर असा ओढ, तसा ओढ. इंजिन तिसऱ्या ओढीला लागलं आणि त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. काकूंच्या कपाळावर घाम होता. पहिलं वळण त्यांनी इतकं रुंद घेतलं की आम्ही जवळजवळ भंडारा जिल्ह्यात गेलो. दुसरं बरं जमलं. मध्यावर पाण्यात बुडालेल्या झाडांचे शेंडे उभे होते, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले.

"इथं खाली आमचं जुनं घर हाये," काकू इंजिनाच्या आवाजावरून ओरडल्या. "धरणात गेलं. वरून जाता येते, एवढंच."

मी मागे वळून पाठीकडे पाहिलं. नव्या थरावर अजून माझ्या रोलरच्या खुणा होत्या. त्यापलीकडे फेस आणि पाणी. टाकी फुटली तर कोणाचं तरी अंगण भिजतं. इथे माझ्या हातचे चार थर आणि त्यांच्या भरवशावर एक बाई आपल्या बुडालेल्या घरावरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया घाटावर आल्या. सगळ्या नाही. फुलाबाई आली, बोटीभोवती फिरली, पाठीवर बोटांनी टिचक्या मारल्या, आत वाकून पाहिलं. मग म्हणाली, "मी ऑटोनंच जाते. भेव वाटते मले, काहून खोटं बोलू?" आणि बहुतेक बाया तिच्यासोबत निघून गेल्या. चौघी थांबल्या. काकूंनी त्यांना एकेक जॅकेट घालायला लावलं, बंद स्वतः बांधले, दोघी या बाजूला, दोघी त्या बाजूला बसवल्या. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. बोट पलीकडे पोचली तेव्हा ऑटो अजून गावाच्या वेशीवर पंक्चर काढत होता. हे मी रचून सांगत नाही, वंदनाला विचारा.

आम्ही दुपारी निघालो. काकूंनी वाळलेल्या मिरच्यांची पिशवी आणि तुरीच्या शेंगा दिल्या. काका गाडीपर्यंत आले, टपावर उरलेला प्लायचा तुकडा दोरीनं घट्ट केला आणि म्हणाले, "टाकीचं काम सोडू नका. पण बादली पाहून कालवजा."

नागपुरात शिरताना दिघोरीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलो. घरी पोचल्यावर आंघोळ केली, मग पुन्हा केली, खाज तशीच.

जायचं असेल तर थंडीत जा. काठावरच्या घरांत राहायची सोय ओळखीनं होते, हॉटेल शोधू नका. खर्च फार नाही. आमचा सगळा खर्च रेझिनमध्ये गेला. पोहता येत नसेल तर शिकून जा. मी आता शिकते आहे, पोहण्याच्या तलावात माझ्यासोबतच्या सगळ्या पोरी माझ्या गुडघ्याएवढ्या आहेत.

कारखान्यात माझ्या हातून टाक्या जातात. कुठल्या गच्चीवर बसतात, कोण पाणी पितं, मला ठाऊक नसतं. तसं ते बरंच असतं, झोप लागते. या बोटीचं तसं नाही. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार तिचा येतो. आता निघाली असेल, आता मध्यावर असेल. वंदनाला मी रोज विचारते आणि तीही रोज सांगते, न कंटाळता. फुलाबाई अजून ऑटोनंच जाते. पण तिची सून बोटीत बसते.

परवा डब्याच्या सुट्टीत मी विचारलं, "काका काय करतात गं आता?"

"काही नाही," वंदना म्हणाली. "संध्याकाळी घाटावर जाऊन उभे राहते. आई म्हणते, मले एकटीले बांधता येते बोट, थंडीत काहून येता? ते जातेच. बोट दिसली का चप्पल काढते अन् गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहते."